एकाच टेरेरियममध्ये वेगवेगळ्या जातींचे प्राणी ठेवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"मोठी काचपेटी आहे, एक प्राणी आहे, जागा उरते आहे. अजून काय ठेवू?" सरपटणारे प्राणी आणि उभयचर पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी येतो. माझ्याही आला होता. माझं उत्तर बहुतेक वेळा "नको" असं असतं. पण नुसतं "नको" म्हटल्यावर कुणाचं समाधान होत नाही आणि व्हायलाही नको, म्हणून कारणांसकट लिहिते आहे.

दोन वेगळ्या जाती एकत्र ठेवता येतात का? थोडक्यात सांगा.

जवळजवळ कधीच नाही. मोजके अपवाद आहेत, ते खाली दिले आहेत. पण ते नवख्यांसाठी नाहीत.

जंगलात तर हे सगळे एकत्रच राहतात ना?

एकाच जंगलात राहतात, एकाच जागी नाही. सरडा खडकावर ऊन खात असतो, बेडूक पाचोळ्याखाली असतो, पाल रात्री झाडाच्या सालीवर फिरते. त्यांची गाठ पडलीच तर काही क्षणांची, आणि त्यात एक जण पळून जातो. हे पळून जाणं फार महत्त्वाचं आहे. चार फुटांच्या पेटीत पळणारा प्राणी समोरच्या काचेपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. ज्याच्यापासून पळायचं तो अजूनही दिसतच असतो.

फ्लोरिडातल्या अ‍ॅनोल सरड्यांचं उदाहरण मला या बाबतीत नेहमी आठवतं. तिथल्या मूळच्या हिरव्या अ‍ॅनोलच्या वस्तीत बाहेरून आलेले तपकिरी अ‍ॅनोल पसरले, तेव्हा हिरवे खोडांचा खालचा भाग सोडून झाडांच्या शेंड्यांकडे सरकले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर असं दिसलं की सुमारे २० पिढ्यांत त्यांच्या बोटांखालच्या चिकट गाद्याही मोठ्या झाल्या होत्या, कारण आता त्यांना उंचावरच्या गुळगुळीत, बारीक फांद्यांवर चढायचं होतं. म्हणजे दोघं "एकत्र राहतात" खरे, पण त्यासाठी एकाला आपली जागा सोडावी लागली. पेटीत सोडून जायला शेंडा कुठून आणायचा?

शिवाय ज्या जोड्या लोक जमवतात त्या बहुतेक वेळा एका जंगलातल्याच काय, एका खंडातल्याही नसतात. बियर्डेड ड्रॅगन हा सरडा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. लेपर्ड गेको ही पाल अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या खडकाळ पट्ट्यातली. क्रेस्टेड गेको ही दुसरी पाल न्यू कॅलेडोनियाच्या बेटांवरची. ती नामशेष झाली असंच समजत होते आणि १९९४ मध्ये पुन्हा सापडली. या तिघांच्या पूर्वजांनी एकमेकांना कधीच पाहिलेलं नाही. एकमेकांचे जंतूही पाहिलेले नाहीत, आणि त्याबद्दल पुढे बरंच लिहायचं आहे.

दोघांना चालेल असं मधलं तापमान ठेवलं तर?

मग दोघांचेही हाल होतात. बियर्डेड ड्रॅगनला शेकण्याच्या जागी ३८ ते ४२ अंश सेल्सियस लागतात. लेपर्ड गेकोला पोटाखालची जमीन ३२ ते ३४ अंशांची हवी असते. क्रेस्टेड गेको २२ ते २६ अंशांत मजेत असते आणि २८ च्या वर गेलं की तिचा जीव कासावीस होऊ लागतो. अ‍ॅक्सोलॉटल या जन्मभर पाण्यात राहणाऱ्या उभयचराला पाणी १६ ते १८ अंशांचं लागतं. सरपटणाऱ्या प्राण्यांचं पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं. ड्रॅगनला ३० अंशांत ठेवलं तर त्याने खाल्लेलं पोटात नीट पचत नाही. तेच ३० अंश क्रेस्टेड गेकोला जिवावर बेततात.

तापमान निदान मोजलं तरी जातं. दमटपणा आणि अतिनील प्रकाश यांच्याकडे बरेच जण बघतही नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांना किती अतिनील प्रकाश लागतो यासाठी फर्ग्युसन झोन नावाची चार टप्प्यांची मोजपट्टी वापरतात. पहिल्या टप्प्यात संधिप्रकाशात किंवा सावलीत राहणारे प्राणी येतात, त्यांची सरासरी यूव्ही निर्देशांक ०.७ पर्यंतच असते. चौथ्या टप्प्यात भर उन्हात बसणारे, सरासरी २.६ ते ३.५. लेपर्ड गेको खालच्या टोकाला आहे, बियर्डेड ड्रॅगन वरच्या. एका दिव्याखाली दोघांना ठेवलं तर एकाला जास्त होतं किंवा दुसऱ्याची हाडं ठिसूळ होतात. उभयचरांची कातडी पातळ आणि ओलसर असते, त्यामुळे सरड्याला लागणारा कोरडा, उष्ण कोपरा बेडकाला सुकवून टाकतो. आणि बेडकाला लागणाऱ्या दमट पेटीत वाळवंटी सरड्याच्या कातडीवर फोड येतात, फुप्फुसांना संसर्ग होतो.

पेटी खूपच मोठी असेल तर?

मोठी पेटी नेहमीच चांगली, पण मोजायचं असतं ते वेगळंच. पेटीत सगळ्यात चांगली शेकायची जागा किती आहेत? चांगली लपायची जागा? पाण्याचं भांडं? बहुतेक पेट्यांमध्ये प्रत्येकी एकेकच. दोन प्राणी असले की त्या एका जागेवर एकाचा कब्जा होतो, मग बाकीची पेटी कितीही लांब असो. पेटी दुप्पट केल्याने चांगल्या जागा दुप्पट होत नाहीत. त्या मुद्दाम, एकमेकांच्या नजरेआड उभाराव्या लागतात.

प्राणिसंग्रहालयांत मिश्र पेट्या असतात की!

असतात. त्या पेट्या खोलीएवढ्या असतात. मागच्या बाजूला प्रेक्षकांना न दिसणाऱ्या रिकाम्या पेट्या तयार असतात, कुणाचं जमलं नाही तर त्याच दिवशी त्याला तिकडे हलवता येतं. प्रत्येक नवा प्राणी आधी विलगीकरणात राहतो, पशुवैद्य त्याची विष्ठा आणि रक्त तपासतो, आणि दिवसभर बघायला पगारी माणूस असतो. एवढं सगळं असूनही त्यांचे प्रयोग फसतात. काचेबाहेरून आपल्याला दिसतात ती जमलेली जुळवणी.

माझे दोघं भांडत नाहीत. उलट एकावर एक बसतात. मैत्री झाली असेल ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा जीव त्या प्राण्यांवर असतो, म्हणून उत्तर देताना मला दरवेळी वाईट वाटतं. पण ती मैत्री नसते. दिव्याखाली एकच उबदार दगड आहे. वर बसलेल्याला प्रकाश आणि ऊब मिळते, खालच्याला उरलेली. आपल्याला जे बिलगणं वाटतं, ती जागेवरून चाललेली ओढाताण असते, फक्त आवाज नसतो.

या प्राण्यांची भांडणं बहुतेक मूकच असतात. बियर्डेड ड्रॅगन मान वरखाली झटकतो, दाढी काळी करतो; दबलेला प्राणी पुढचा एक पाय हळूच गोल फिरवतो. आपण त्याला "हात हलवून नमस्कार करतो" म्हणतो आणि कौतुक करतो. खरं तर तो "मला मारू नकोस" असं सांगत असतो. शॅमेलिऑनला तर दुसरा प्राणी नुसता दिसला तरी पुरतं: तो काळवंडतो, अंग चपटं करतो, खाणं सोडतो. कुणी कुणाला शिवलंही नसतं.

हा ताण रोजचा झाला की शरीरात कॉर्टिकोस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढलेलं राहतं आणि प्रतिकारशक्ती खचते. एरवी पोटात थोड्या संख्येने राहणारे परजीवी मग डोकं वर काढतात. प्राणी मरतो तेव्हा कारण "जंत" असं लिहिलं जातं. त्यामागे सहा महिने दिव्याखाली जागा न मिळालेली असते.

बघायचं ते हे: कोण आधी खातं, कोण नेहमी थंड कोपऱ्यात असतं, कोण दिवसभर काचेला नाक घासत वर चढायचा प्रयत्न करतं, कुणाचं शेपूट बारीक होतंय, कुणाच्या बोटांवर किंवा शेपटीच्या टोकावर खरचटल्याच्या खुणा आहेत. आणि दर आठवड्याला वजन. स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा साधा काटा तुमच्या नजरेपेक्षा आधी सांगतो.

कोण कोणाला खाऊ शकतं?

जो ज्याच्या तोंडात मावतो तो. आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच मावतं.

पॅकमन बेडूक हा जवळपास तोंडच असतो; स्वतःच्या निम्म्या आकाराचा प्राणी गिळायलाही तो मागेपुढे पाहत नाही, मग तो त्याच्याच जातीचा का असेना. व्हाइट्स ट्री फ्रॉग संथ, गोल, हसऱ्या चेहऱ्याचा दिसतो, तो १० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि लहान बेडूक, लहान पाली निवांत गिळतो. किंगस्नेकच्या नैसर्गिक आहारातच दुसरे साप आहेत, अगदी विषारीसुद्धा. गार्टर स्नेक बेडकांवर जगतात.

सुरुवातीच्या काळात मी एका व्हाइट्स ट्री फ्रॉगबरोबर एक लहान पाल ठेवली होती. "दोघं रात्रीचे, दोघं झाडावरचे, जमेल," असं मला सांगितलं गेलं आणि मी ते मानलं. अकरा दिवस जमलं. बाराव्या सकाळी बेडूक नेहमीच्या पानावर बसला होता आणि पाल कुठेच नव्हती. पानं बाजूला केली, माती उकरली, झाकणाची फट तपासली. दोन दिवसांनी विष्ठेत तिचे खवले सापडले. ती पाल माझ्या हातातून खाऊ लागली होती. त्या दिवसानंतर मी एकही मिश्र पेटी केली नाही.

गिळता आलं नाही तरी इजा होतेच. पालीचं शेपूट तुटतं, आणि लेपर्ड गेकोच्या शेपटीत तिची साठवलेली चरबी असते. शेपूट गेलं म्हणजे शिधा गेला. चुकीचा घास घशात अडकून गिळणारा आणि गिळला जाणारा दोघंही मेल्याची उदाहरणं आहेत. आणखी एक: खाल्ल्याविना राहिलेले रातकिडे रात्री झोपलेल्या सरड्याच्या पायाची बोटं आणि पापण्या कुरतडतात, म्हणून दोन भिन्न भुकेचे प्राणी असलेल्या पेटीत खाद्य "अंदाजे" टाकणं धोक्याचं आहे.

बेडूक विषारी असतात का? सोबतच्या प्राण्याला बाधतं का?

बऱ्याच उभयचरांच्या कातडीतून कमी-अधिक विषारी स्राव निघतात. फायर-बेलीड टोडचं लाल-केशरी पोट ही त्याचीच सूचना आहे. उत्तर अमेरिकेतल्या टॅरिका वंशातल्या न्यूटमध्ये (न्यूट म्हणजे शेपटीवाला उभयचर) टेट्रोडोटॉक्सिन असतं. पफर माशातलं विष ते हेच. भेकांच्या कानामागच्या गाठींत हृदयावर परिणाम करणारी विषं असतात. यासाठी चावायचीही गरज नाही. बेडूक पाण्याच्या भांड्यात बसतो, त्याच्या कातडीतला स्राव पाण्यात उतरतो, आणि तेच पाणी सरडा पितो. उलट दिशेनेही तेच: सरड्याची विष्ठा पडलेल्या पाण्यात बेडूक बसला की त्यातला अमोनिया थेट कातडीतून आत जातो, कारण बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो.

डार्ट फ्रॉगबद्दल भीती उलट जास्त असते. जंगलातले डार्ट फ्रॉग त्यांचं विष खाल्लेल्या मुंग्या आणि माइट यांच्यातून मिळवतात. पेटीत जन्मून फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकात ते नसतं.

विषय निघालाच आहे तर सांगून ठेवते: काही काजव्यांमध्ये भेकाच्या विषाशी नातं असलेली द्रव्यं असतात आणि एखादाच काजवा खाऊन बियर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत. बाहेरून पकडलेले किडे ड्रॅगनला देऊ नका.

दोन्ही प्राणी ठणठणीत आहेत. मग रोगाची भीती कशाला?

कारण एका जातीत काहीही न करता राहणारा जंतू दुसऱ्या जातीला मारू शकतो. मिश्र पेटीविरुद्धचं सगळ्यात भक्कम कारण मला विचाराल तर हेच. तापमान सुधारता येतं, लपायच्या जागा वाढवता येतात. हे डोळ्याला दिसतच नाही.

एंटामीबा इन्व्हेडन्स हा एकपेशीय जीव कासवांच्या आतड्यात अनेकदा निरुपद्रवीपणे राहतो. त्याच कासवाची विष्ठा साप किंवा सरड्यापर्यंत पोचली की आतड्यांना व्रण पडतात, यकृतावर हल्ला होतो आणि बरेचदा प्राणी हाती लागत नाही. कासव शेवटपर्यंत खात-पीत असतं.

सापांमध्ये असंच. एका विषाणूमुळे होणारा "इन्क्लुजन बॉडी डिसीज" बोआ जातीचे साप महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय बाळगतात. पायथनना तो लागला की मान उलटी पडणं, तोल जाणं अशी लक्षणं दिसतात आणि ते फार लवकर मरतात. जमिनीवरच्या कासवांमध्ये हर्पीस गटातले विषाणू आहेत. भूमध्य समुद्राभोवतीच्या स्पर-थाय्ड कासवांमध्ये ते बरेचदा दबून राहतात, पण हर्मन्स जातीच्या कासवांना भारी पडतात. दोन्ही कासवं दिसायला इतकी सारखी की लोक त्यांना एकाच कुंपणात सोडतात.

क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) हा एकपेशीय परजीवी पालींमध्ये आणि सापांमध्ये पसरतो. लेपर्ड गेको खाऊनही वाळत जाते, शेपूट काडीसारखं होतं. यावर भरवशाचा इलाज नाही, आणि त्याची अंडुकं नेहमीच्या ब्लीचलाही दाद देत नाहीत.

उभयचरांचं तर याहून वाईट. कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभर किमान ५०१ उभयचर जातींची संख्या घटवली आणि त्यांतल्या ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात, असा २०१९ मधला अंदाज आहे. अमेरिकन बुलफ्रॉग आणि आफ्रिकन क्लॉड फ्रॉग ही बुरशी अंगावर घेऊन मजेत जगतात. तिची एक बहीण २०१३ मध्ये ओळखली गेली, नेदरलँड्समधले फायर सॅलमँडर जवळपास संपल्यावर. ती मूळची आशियातली, आणि ती युरोपात पोचली ती पाळण्यासाठी नेलेल्या प्राण्यांबरोबर, असंच मानलं जातं. रॅनाव्हायरस तर बेडूक, कासव आणि मासे अशा तिन्ही गटांत फिरतो. "बेडकाचा रोग कासवाला कसा होईल?" असं मला अनेकदा विचारतात. असा होतो.

म्हणूनच पेटीतलं पाणी आणि जुनी माती ओढ्यात, तळ्यात किंवा बागेत टाकू नका. पाणी ब्लीच घालून, थांबून मगच गटारात सोडा. बाहेरचे बेडूक आपली जबाबदारी नाहीत असं मला तरी म्हणता येत नाही.

नवा प्राणी आणला तर विलगीकरण किती दिवस?

९० दिवस. ३० दिवस पुरतात असं म्हणणारे भेटतील. मला ते पटत नाही, कारण वर लिहिलेल्यांपैकी बरेच रोग महिन्याभरात तोंड दाखवत नाहीत. शक्यतो वेगळी खोली. वेगळा चिमटा, वेगळी भांडी, तळाला साधा टिश्यू पेपर म्हणजे विष्ठा दिसते. रोजचं काम करताना आधी जुने प्राणी, शेवटी नवा, मग हात धुणं. या काळात निदान दोनदा विष्ठेची तपासणी, पालींसाठी क्रिप्टोची पीसीआर चाचणी, उभयचरांसाठी कातडीवरून बोळा फिरवून कायट्रिडची. हे एकट्या प्राण्यांच्या घरातही करायचं असतं, मिश्र पेटीच्या विचारात असाल तर मग प्रश्नच नाही.

पाणकासवांबरोबर काय ठेवता येईल?

काही नाही. पाण्यात पोहणारं जे काही लहान आहे ते कासवाचं खाद्य आहे, आणि बरोबरीचं जे आहे त्याच्या पायांचे आणि शेपटीचे ते चावे घेतं. न्यूट आणि बेडूक तर अजिबात नको. रेड-इअर्ड स्लायडरबरोबर दुसऱ्या जातीचं लहान कासव ठेवलं की शेकायच्या फळीवर फक्त स्लायडर दिसतो.

अ‍ॅक्सोलॉटलबरोबर न्यूट? दोघांनाही थंड पाणी लागतं.

तापमान जुळतं हे खरं. पण अ‍ॅक्सोलॉटल समोर हललेलं सगळं तोंडात ओढून घेतो आणि न्यूटची कातडी विषारी. एका घासात दोघंही जातात. शिवाय त्याच्या गालांबाहेरच्या पिसांसारख्या कल्ल्यांना इतर प्राणी खाद्य समजून लचका मारतात.

दोन जातींचे साप?

नको. एकाने खाल्लं नाही, एकाने ओकलं, तर कोण ते कळत नाही. एकाच उंदराला दोघांनी दोन टोकांनी धरलं तर मोठा साप उंदरामागून लहान सापही गिळत जातो.

मग एकाच जातीचे दोन तरी?

जातीवर अवलंबून आहे, आणि हा स्वतंत्र विषय आहे. दोन नर लेपर्ड गेको, दोन बियर्डेड ड्रॅगन, कुठलेही दोन शॅमेलिऑन: नको. याउलट ऑस्ट्रेलियातले काही स्किंक जातीचे सरडे खरोखर कुटुंबाने राहतात, आणि शिंगलबॅक स्किंकची जोडी दर वर्षी पुन्हा एकमेकांना शोधून काढते. सोबत हवी असणारे सरपटणारे प्राणी आहेत. त्यांना सोबत हवी असते ती आपल्याच जातीची.

दोन जवळच्या जातींची पिल्लं झाली तर काय बिघडलं?

डार्ट फ्रॉगच्या काही जाती, कासवांच्या बऱ्याच जाती, कॉर्न स्नेक आणि किंगस्नेक यांचा संकर होतो. पिल्लं हातोहात जातात, त्यांच्याबरोबर जाणारी माहिती मात्र दोन हातांनंतर हरवते. तिसरा पाळणारा त्यांना शुद्ध जात समजून वाढवतो. जंगलात संपत आलेल्या जातीचे पेटीतले प्राणी हाच शेवटचा साठा असू शकतो, आणि तो असा गढूळ झाला की पुन्हा निवळत नाही. तज्ज्ञसुद्धा यात फसले आहेत: १९९१ मध्ये मॉरेमिस आयव्हरसोनाय या नावाने कासवाची एक नवी जात जाहीर झाली होती. पुढे जनुकीय तपासणीत कळलं की ती दोन वेगळ्या कासवांच्या संकरातून झालेली होती.

मधोमध काच बसवून पेटीचे दोन भाग केले तर?

पारदर्शक काच असेल तर चोवीस तास शेजारी दिसत राहतो, म्हणजे ताण तसाच. अपारदर्शक पडदा बरा. पण हवा, दमटपणा आणि सांडलेलं पाणी तरीही एकच राहतं, आणि दोन्ही भाग लहान होतात. तात्पुरती सोय म्हणून ठीक.

विक्रीच्या ठिकाणी तर एका पेटीत चार जाती दिसतात.

तिथे ते काही दिवसच असतात, आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तिथून आणलेला प्राणी मी नेहमी "चार जातींच्या जंतूंसकट आला आहे" असं धरूनच वेगळा ठेवते.

एकही जोडी जमत नाही का?

जमते, पण जोडी सांगण्याआधी अट सांगते. दोन्ही जाती तुम्ही वेगवेगळ्या पेट्यांत निदान वर्षभर सांभाळलेल्या असाव्यात, निरोगी असताना त्या कशा वागतात हे तुम्हाला पाठ असावं. दोघांची विलगीकरणातली तपासणी झालेली असावी. आणि तयार, दिवा-पाण्यासह चालू असलेली एक रिकामी पेटी बाजूला असावी. ही शेवटची अट ऐकून बहुतेक जण म्हणतात, "रिकामी पेटी आहेच तर दुसरा प्राणी तिथेच ठेवतो की." हो. तेच बरं.

अनुभवी मंडळींत सगळ्यात जास्त बोलली जाणारी जुळवणी म्हणजे डार्ट फ्रॉग आणि मोर्निंग गेको. या पाली शेपटीसह जेमतेम ८ ते १० सेंटिमीटरच्या, जवळपास सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी घालणाऱ्या. बेडूक दिवसा जमिनीवर, पाली रात्री वरच्या पानांत. दोघांना २४ ते २६ अंशांच्या आसपास चालतं, दोघांना दमट हवा लागते, दोघंही फळमाश्या खातात, आणि कुणीही कुणाच्या तोंडात मावत नाही. तरीही यात खोट आहे. पाली पिल्लं काढत राहतात आणि काही महिन्यांत पेटीत किती आहेत ते मोजता येत नाही. मग माश्यांवरून ओढाताण सुरू होते. बेडकांची नुकतीच पाण्याबाहेर आलेली पिल्लं पालींच्या तावडीत सापडू शकतात. बेडूक वाढवायचे असतील तर ही जोडी करू नये. पेटीही नेहमीच्या ४५ सेंटिमीटरच्या घनापेक्षा बरीच मोठी, उंच आणि दाट झाडांची लागते.

"हिरवा अ‍ॅनोल आणि अमेरिकन ग्रीन ट्री फ्रॉग" ही दुसरी ऐकू येणारी जोडी. मूळ प्रदेश एक आहे, हे तिचं बळ. पण अ‍ॅनोलला दिवसा शेकायला दिवा लागतो आणि बेडूक त्याच वेळी पानावर झोपलेला असतो. मी ती सुचवत नाही.

माझे सहा महिने एकत्र आहेत, काही झालेलं नाही. तरी वेगळे करू?

करा. हे प्राणी आजार लपवतात, कारण निसर्गात अशक्त दिसणारा आधी मारला जातो. आपल्याला दिसतं तेव्हा बरंच झालेलं असतं. वेगळे केल्यावर दोन-तीन आठवड्यांत एकाचं वजन वाढू लागलं, रंग उजळला, तो दिवसा बाहेर बसू लागला, असं अनेकांनी मला कळवलं आहे. सहा महिने काय चाललं होतं ते त्यांना तेव्हा कळलं.

वेगळे कसे करायचे? माझ्याकडे दुसरी पेटी नाही.

आजच करायचं असेल तर झाकणाला हवेची भोकं पाडलेला मोठा प्लास्टिकचा डबा, तळाला टिश्यू पेपर, लपायला एखादं कार्डबोर्डचं खोकं, पाण्याचं उथळ भांडं आणि थर्मोस्टॅट लावलेली उष्णतेची चटई एका टोकाखाली. बेडकासाठी ओला टिश्यू आणि क्लोरीन काढलेलं पाणी. चटई सहसा नकोच. दिवसा उन्हात जगणाऱ्या सरड्याला मात्र जुन्या पेटीत, दिव्याखाली राहू द्या आणि दुसऱ्याला हलवा, कारण यूव्हीबी दिवा डब्यावर नीट बसत नाही.

जुन्या पेटीतली माती, लाकूड, सालं टाकून द्या. काच आणि भांडी आधी साबणाने घासून, मग ब्लीचने, मग भरपूर पाण्याने. क्रिप्टोचा संशय असेल तर ब्लीचवर विसंबू नका. वाफेने तापवणं आणि नंतर कडकडीत वाळवणं याचाच उपयोग होतो. दोघांचीही विष्ठा तपासायला द्या आणि पशुवैद्याला "हे दोघं एकत्र होते" असं आवर्जून सांगा, त्याच्या तपासाची दिशाच बदलते. आणि तुमचे स्वतःचे हात: साल्मोनेला या प्राण्यांच्या विष्ठेत सर्रास असतो. अमेरिकेने १९७५ पासून १० सेंटिमीटरपेक्षा लहान कासवं विकायला बंदी घातली ती मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे.

एकच प्राणी ठेवला तर पेटी रिकामी वाटते.

पेटीत जिवंतपणा आणायचा असेल तर मातीपासून सुरुवात करा. दमट पेटीत स्प्रिंगटेल आणि लहान जातीचे आयसोपॉड हे मातीतले बारीक जीव सोडा. ते बुरशी, गळलेली पानं आणि विष्ठा संपवतात. मोठे, प्रथिनांना हपापलेले आयसोपॉड मात्र टाळा. ते कात टाकणाऱ्या पालीला कुरतडतात. शेवाळ, नेचे, वेली लावा. फांद्या तिरक्या बसवा, म्हणजे एकाच पेटीत चार उंच्या तयार होतात. सालीचे तुकडे रचून मागची भिंत करा. मग दिवे मालवल्यावर मंद लाल उजेड न लावता, खोलीतल्या अंधुक प्रकाशात अर्धा तास बसून बघा. माझी क्रेस्टेड गेको रात्री साडेनऊच्या सुमारास बाहेर येते, आधी डावीकडच्या फांदीवर थांबून पानावरचे थेंब चाटते, आणि मगच खाण्याच्या भांड्याकडे उडी मारते. पेटीत ती एकटीच आहे, म्हणून थेंब चाटायला तिला घाई नसते.